मय्यतीचा पाला आणि घरचा साबण

गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शेजारणीचा इंतकाल झाला. गुस्लची तयारी सुरू झाली. कफनाचे कापड आले, कापूर आला, अत्तर आले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की बोरीचा पाला नाही. दोन मुलांना मोटारसायकलवर पिटाळले. आमच्या भिंगारमध्ये पूर्वी बोरीचे झाड शोधावे लागत नसे. आता जिथे बोरी होत्या तिथे भिंती आहेत, गाड्या लावायच्या जागा आहेत. मुले पाऊण तासाने परतली ती बाभळीच्या डहाळ्या घेऊन. काटे दिसले म्हणजे बोर, असा त्यांचा हिशेब. त्या घरातल्या दुःखातही दोन बायकांना तोंडाला पदर लावून हसू आवरावे लागले. शेवटी जामखेड रस्त्याकडच्या एका शेताच्या बांधावरून पाला आला.

पाला धुताना एका दहा-बारा वर्षांच्या मुलीने विचारले, “हाच पाला का?” गुस्ल देणाऱ्या आपांनी उत्तर दिले, “हा मय्यतीचा पाला आहे बेटा.” तेवढ्यावर विषय संपला. आमच्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला, कारण तोच पाला त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात एका बरणीत वाळवून, कुटून ठेवलेला होता. मय्यतीसाठी नव्हे, साबणासाठी.

आमच्या घरी चार वर्षांपासून साबण होतो. सुरुवात दुधामुळे झाली. शेळी संगमनेरी, घोडेगावच्या बाजारातून आणलेली, आणि दूध घरच्यांना नको असलेले. “वास येतो” म्हणून मुलांनी पेले सरकवले. दूध टाकून देणे जिवावर आले आणि कोणीतरी सुचवले की साबण करा. दुसरे कारण असे की साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते वाचायची सवय आम्हाला लागली होती. सोडियम टॅलोवेट असे लिहिलेले असेल तर तो जनावरांच्या चरबीचा साबण. सोडियम पामेट किंवा कोकोएट असेल तर पाम आणि खोबरेल तेलाचा. चरबी साबण होताना पूर्ण बदलली तर तिचा हुकूमही बदलतो का, याची चर्चा फुकहांनी पूर्वीपासून केली आहे आणि तो निवाडा आलिमांनीच सांगावा. आम्हाला एवढेच वाटले की घरात केला तर हा प्रश्नच उरणार नाही.

साबण जमू लागला तसे आमचे डोके फिरले. असे सगळ्यांचेच होते. हळद घातली, गुलाबाच्या पाकळ्या घातल्या, लिंबू पिळले, गूळ घातला, मेंदी घातली, मुलतानी माती घातली. जे हाताला लागेल ते साच्यात. वर्षभराने हिशेब केला तेव्हा समजले की यातल्या निम्म्या वस्तू साबणात पोचल्याच नव्हत्या.

हे कसे, ते थोडे नीट सांगतो, कारण बाजारात ‘नैसर्गिक’ शब्दावर जो साबण विकला जातो त्याचे सगळे रहस्य इथेच आहे. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचे मिलन. कॉस्टिक हा अतिशय तीव्र अल्कली. तो तेलाला तोडतो, त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. पण त्याला तेल आणि फूल यांतला फरक कळत नाही. गुलाबाची पाकळी त्या मिश्रणात पडली की काही दिवसांत तपकिरी होते, चहाच्या चोथ्यासारखी. वडीवर दिसणारी सुंदर गुलाबी पाकळी नंतर वरून चिकटवलेली असते. हळद घातली की पिवळे मिश्रण एकदम लालभडक होते. वरणाचा डाग पडलेला शर्ट साबणाने धुताना डाग लाल होतो, तो हाच प्रकार. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई याच हळदीने मुलांना दर्शक शिकवतात. साबण मुरला की ती लाली कमी होऊन विटकरी-पिवळा रंग राहतो आणि पांढऱ्या टॉवेलवर उतरतो.

लिंबाची गोष्ट तर हसण्यासारखी आहे. लिंबातले आम्ल आणि कॉस्टिक एकमेकांना मारून टाकतात. दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल सुमारे सहा ग्रॅम कॉस्टिक खाऊन टाकते. म्हणजे लिंबू उरत नाही, वर तेवढे तेल साबण न होता तसेच राहते आणि वडी मऊ, चिकट होते. आम्ही पाच लिंबांचा रस घातलेली ती वडी दोन महिने वाळवली, तरी तिच्यावर बोटाचा ठसा उमटत होता. गुळाने फेस वाढतो हे खरे, पण साखर मिश्रणाला तापवते. एकदा साच्यातला साबण दूध उतू जावे तसा मधूनच वर आला आणि ओट्यावरून खाली उतरला. टिकतात त्या माती, गेरू, कोळसा अशा वस्तू, कारण त्यांच्यावर कॉस्टिकचा जोर चालत नाही. तेलातही फरक पडतो. करंजाचे, कलौंजीचे किंवा कडुनिंबाचे तेल घातले तर त्याचा स्वतःचा साबण होतो. वास मात्र करंज आणि कडुनिंब दोन्हींचा असा की पाहुणा मोरीतून बाहेर येऊन काही बोलत नाही, पण हात पुन्हा धुतो.

साबणाची जुनी गावे आठवली तर तिथे हा फुलापानांचा सोस दिसत नाही. शामदेशातल्या हलब शहराचा साबण जैतुनाच्या तेलाचा, आणि त्यात घालायचे ते फक्त एक, घार झाडाच्या फळांचे तेल. पॅलेस्टाईनच्या नाब्लुसचा साबण तर निव्वळ जैतुनाचा. अल्कली आणि पाणी, बस्स. दोन्ही ठिकाणची ही कारागिरी 2024 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ज्या नाब्लुसवर एवढी संकटे आली तिथे वड्यांचे उंच मनोरे रचून आजही साबण वाळवतात, हे वाचले आणि आमच्या पाच लिंबांची आम्हाला लाज वाटली. शब्दाचे कुटुंबही पाहा : अरबीत साबून, उर्दूत साबुन, पोर्तुगीजांचा सबाँव आणि आपला साबण.

तर आम्ही सगळे बंद करून एकच वस्तू ठेवायचे ठरवले, आणि ती निघाली बोरीचा पाला. शेळी त्यावर तुटून पडते हे रोज बघत होतो. नानींच्या तोंडून ऐकलेले होते की त्यांच्या लहानपणी बोरीच्या पाल्याने केस धूत. चार पाने ओली करून तळहातावर चोळली तर बुळबुळीत होतात आणि बारीक फेस येतो. रिठा आणि शिकेकाईत जे सॅपोनिन असते तेच या पानांतही असते, म्हणून हा फेस.

पाल्याची पहिली वडी तयार झाली तेव्हा शेवगावच्या खाला आमच्याकडे मुक्कामाला होत्या. हिरवट-तपकिरी रंगाची वडी त्यांनी हातात घेऊन हुंगली आणि विचारले, “यात काय टाकलंस?” आम्ही सांगितले. त्यांनी वडी खाली ठेवली ती अशी, की जणू चटका बसला.

“जिवंत माणसाच्या अंगाला मय्यतीचा पाला लावता? अक्कल आहे का घरात कोणाला?”

खालांशी वाद घालायची आमची प्राज्ञा नाही. त्यांनी आयुष्यात किती जणींना शेवटचा गुस्ल दिला असेल याची गणती नाही. रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी त्या गेल्या आहेत. करोनाच्या काळात माणसे दाराबाहेर उभी राहत होती तेव्हाही गेल्या. बोरीच्या पाल्याचा वास म्हणजे त्यांच्यासाठी ते सगळे चेहरे. त्यांची नाराजी आम्हाला वेडगळ वाटली नाही. पण त्या मुलीचा प्रश्न पुढे कधीतरी येणारच होता, म्हणून आम्ही हदीसच्या किताबांकडे वळलो आणि जिथे समजले नाही तिथे जाणकारांना विचारले.

मय्यतीच्या गुस्लसाठी बोरीचा पाला, ज्याला अरबीत सिद्र म्हणतात, तो आहेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्येचा इंतकाल झाला तेव्हा गुस्ल देणाऱ्या उम्मे अतिय्या (र.) यांना त्यांनी पाणी आणि सिद्र वापरून तीन, पाच किंवा गरज पडली तर त्याहून जास्त वेळा धुवायला आणि शेवटच्या वेळी कापूर घालायला सांगितले. हज्जमध्ये अरफातच्या मैदानावर उंटावरून पडून वारलेल्या माणसालाही पाणी आणि सिद्रने गुस्ल द्यायला सांगितले. हे खालांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

पण याच किताबांत आणखी दोन प्रसंग आहेत. कैस बिन आसिम (र.) इस्लाम स्वीकारण्यासाठी आले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना पाणी आणि सिद्रने आंघोळ करायला सांगितले. ही रिवायत अबू दाऊद, तिरमिजी आणि नसाई यांच्याकडे आहे. माणसाच्या नव्या आयुष्याची पहिली आंघोळ, आणि त्यात हाच पाला. दुसरा प्रसंग सहीह मुस्लिममधला. अस्मा (र.) यांनी मासिक पाळीनंतरचा गुस्ल कसा करावा असे सरळ विचारले, आणि उत्तरात पाण्याबरोबर सिद्र घेऊन नीट स्वच्छ व्हायला सांगितले गेले. तिथेच हजरत आयेशा (र.) यांनी अन्सारच्या स्त्रियांचे कौतुक केले आहे की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. आमच्या शाळेतल्या मुली पाळीबद्दल घरात एक शब्द विचारू शकत नाहीत, हे आम्ही रोज बघतो. त्यांना सांगायला या हदीसहून चांगली जागा आम्हाला दुसरी सापडलेली नाही.

म्हणजे ज्या काळात ही माणसे राहत होती त्या काळात सिद्र हाच साबण होता. जिवंत माणसे त्याने अंग धूत, केस धूत, आणि जे जिवंतपणी वापरत तेच शेवटी मय्यतीलाही वापरत. पुढे घराघरांत वडीचा साबण आला. जिवंतांनी पाला सोडला आणि तो मय्यतीपुरता उरला. अरबस्तानातले सिद्रचे झाड आणि आपली बोर एकाच कुळातली सख्खी भावंडे आहेत. कुरआनात सूरह वाकिआमध्ये जन्नतमधल्या बोरींचा उल्लेख आहे, त्या काटे नसलेल्या. नगर जिल्ह्यातल्या बोरींचे तसे नाही. पाला ओरबाडून बघा म्हणजे समजेल.

आता खरे सांगायची वेळ आली. पाल्याचा साबण केला, पण पाला साबणात घातल्याने साबण काही निराळा झाला का? आम्ही एकाच घाणीचे दोन भाग केले, एकात पाला, एकात नाही. शेजारच्या चार घरांत डोळे मिटून हात धुवायला दिले. ओळखता आले ते फक्त पाल्याच्या खरखरीतपणामुळे. साबणाचा स्वतःचा फेस इतका असतो की पानाचा फेस त्यात समजत नाही. म्हणून आमचे मत असे झाले आहे की पाल्याची चुटकी साबणात हौसेपुरती घालावी, आणि पाल्याचा खरा फायदा हवा असेल तर तो साबणाबाहेर, नुसत्या पाण्यात घ्यावा. कोवळी नव्हे, जून पाने काढावीत. धुऊन सावलीत वाळवावीत. पानांच्या पाठीला पांढरी लव असते, ती दळताना उडते आणि नाकात जाते, म्हणून तोंडाला कपडा बांधावा. पूड मलमलच्या कापडातून चाळावी. दोन चमचे पूड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली, कालवली आणि केसांना लावून भरपूर पाण्याने धुतले की झाले. साबणासारखा क्षार नसल्याने केस तडतडत नाहीत. प्रथम हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

ज्यांना साबणच करायचा आहे त्यांच्यासाठी आमचे सध्याचे माप देतो. खोबरेल तेल 250 ग्रॅम, शेंगदाणा तेल 200 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 75 ग्रॅम, पाणी 160 ग्रॅम, पाल्याची चाळलेली पूड एक छोटा चमचा. शेळीचे दूध घालायचे तर 80 ग्रॅम पाण्यात कॉस्टिक विरघळवावे आणि उरलेले 80 ग्रॅम थंडगार दूध तेलात घालावे. दुधात थेट कॉस्टिक टाकले तर दूध करपून केशरी होते आणि घरभर अमोनियाचा वास सुटतो. सगळे वजनाने मोजायचे, वाटीने नाही, आणि तेल बदलले की कॉस्टिकचे माप बदलते. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागते हे ठरलेले असते, त्यात अंदाजपंचे चालत नाही. दोन्ही कोमट झाले की कॉस्टिकचे पाणी तेलात ओतून घोटायचे. मिश्रण कढीसारखे दाट झाले आणि चमच्यातून पडलेली धार वर रेघ होऊन राहिली की पूड घालून साच्यात ओतायचे. एक-दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यायच्या.

कॉस्टिकबद्दल मात्र हात जोडून सांगतो. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचे नाही. ते उसळून तोंडावर येते. विरघळताना पाणी 80-90 अंशांपर्यंत तापते. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, उघडी खिडकी. भांडे स्टीलचे. आम्ही सुरुवातीला घरातले जर्मनचे जुने पातेले घेतले होते. ते क्षणात काळे पडले, फसफसू लागले आणि वाफेने खोकल्याची उबळ आली. नंतर समजले की ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक यांच्यातून हायड्रोजन वायू सुटतो. जवळ शेगडी पेटलेली असती तर काय झाले असते याचा विचार अजून रात्री येतो. त्याच दिवशी उरलेले कॉस्टिकचे पाणी आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवले. आमचा धाकटा क्रिकेट खेळून आला, तहानलेला. बाटली त्याच्या हातात होती, झाकण उघडलेले होते. शेळी ओरडली म्हणून त्याने मागे वळून पाहिले आणि आमची नजर गेली. अल्हम्दुलिल्लाह, एवढेच म्हणू शकतो. त्यानंतर आमच्या घरात कॉस्टिकचे पाणी उरवत नाही, आणि साबण करायचा तो मुले शाळेत असताना.

अंगावर उडाले तर कपडा काढून निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचे. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, त्याने आणखी भाजते. डोळ्यात गेले तर पाणी मारत मारत दवाखाना. पोटात गेले तर उलटी करवू नका, ताबडतोब दवाखाना.

बचतगटाच्या काही भगिनींनी विचारले की हा साबण विकता येईल का. येईल, पण घरच्या ओट्यावरून तसाच नाही. आपल्या कायद्यात अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे, त्यासाठी 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. विक्रीसाठी बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. ‘इसब बरे होते’, ‘गजकर्ण जाते’ असे लिहिले की ते औषधाचा दावा ठरते. आणि अलीकडे सिद्रच्या साबणाने नजर उतरते, जादू जाते असे सांगून शंभराची वडी पाचशेला विकणारे निघाले आहेत. हदीसमध्ये पाला स्वच्छतेसाठी सांगितला आहे. त्याचे दुकान मांडणाऱ्यांना आमचा सलाम दुरूनच.

खाला गेल्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. कैस बिन आसिम (र.) यांची रिवायत आम्ही वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली, पुन्हा वाचायला लावली. वडी त्यांनी घेतली नाहीच. निघताना मात्र म्हणाल्या, “ती केसांची पूड थोडी बांधून दे. शेवगावला बोरी आहेत, पण दळून कोण देतं?” आम्ही पुडी बांधू लागलो तर पिशवी पुढे करता करता थांबल्या.

“थांब, वेगळ्या डब्यात दे. माझ्या पिशवीत कापूर आहे.”